दात पांढरे करणारं जेल: सिरिंजवरचा आकडा आधी वाचा

पिवळे दात म्हणजे अस्वच्छ दात, असं आपल्याकडे पक्कं मानलं जातं. त्या समजुतीपायी अनेक जण दात घासघासून झिजवतात आणि ते आणखी पिवळे करून घेतात. दाताचं बाहेरचं कवच म्हणजे इनॅमल. ते अर्धपारदर्शक असतं, आणि त्याखालचं डेंटिन मुळातच पिवळसर. वयानुसार इनॅमल पातळ होत जातं, डेंटिन जाड होतं, म्हणून चाळिशीनंतर दात पिवळे दिसू लागतात. सुळे तर विशीतही शेजारच्या दातांपेक्षा पिवळेच असतात.

त्यामुळे काही विकत घेण्याआधी डाग नेमका कुठे आहे ते कळायला हवं. चहा, पान, तंबाखू आणि क्लोरहेक्सिडीनचा माउथवॉश यांचे डाग दाताच्या पृष्ठभागावर आणि किटणावर बसतात. दंतवैद्याकडे एकदा दात साफ करून घेतले की ते बहुतेक निघतात आणि पुष्कळांचं काम तिथेच भागतं. मशेरीचे काळे डागही असेच निघतात. पण मशेरी ही भाजलेली तंबाखूच आहे. दंतमंजनात आणि टूथपेस्टमध्ये तंबाखू घालायला भारतात 1992 पासून बंदी आहे, तरी घरी भाजून लावणं चालूच आहे. मशेरी लावणाऱ्यांनी व्हाइटनिंगच्या आधी ती सोडावी आणि गालाची आतली बाजू, जीभ, हिरड्या डॉक्टरांना दाखवाव्यात.

दाताच्या आतल्या रंगाला मात्र पेरॉक्साइड, म्हणजे व्हाइटनिंग जेलमधलं रंग उडवणारं रसायन लागतं. ते इनॅमलमधून झिरपत डेंटिनपर्यंत जातं आणि तिथले रंगीत रेणू तोडतं. वयाचा पिवळेपणा याला उत्तम दाद देतो. लहानपणी टेट्रासायक्लिन हे अँटिबायोटिक घेतल्यामुळे आलेल्या करड्या पट्ट्यांना काही महिने लागतात. यवतमाळ, चंद्रपूर, नांदेडकडच्या काही गावांत पाण्यातल्या फ्लोराइडमुळे दातांवर पांढरे-तपकिरी ठिपके पडतात. त्यातले पांढरे ठिपके जेल लावल्यावर सुरुवातीला उलट जास्तच उठून दिसतात, म्हणून तिथे घरच्या घरी प्रयोग नको. एकच दात काळवंडला असेल तर त्याची नस बहुधा मेलेली असते. त्याचा एक्स-रे काढायचा, जेल लावायचं नाही.

आता आकड्याचं. बाजारात दोन रसायनं मिळतात, हायड्रोजन पेरॉक्साइड आणि कार्बामाइड पेरॉक्साइड. दुसऱ्याच्या वजनातला साधारण एक तृतीयांशच भाग खरं हायड्रोजन पेरॉक्साइड असतो, उरलेला युरिया. म्हणजे 10% कार्बामाइड जेल हे सुमारे 3.5% हायड्रोजन पेरॉक्साइडच्या बरोबरीचं, 16% म्हणजे जवळपास 6%. उलट 35% हायड्रोजन पेरॉक्साइड दवाखान्यात हिरड्या झाकूनच वापरतात. ऑनलाइन खरेदीत '35%' एवढंच मोठ्या अक्षरात असतं आणि पुढचं नाव बारीक. ते नाव वाचता येत नसेल तर ती सिरिंज घेऊ नका. युरोपीय संघात 0.1% पेक्षा जास्त आणि 6% पर्यंत हायड्रोजन पेरॉक्साइड असलेलं उत्पादन फक्त दंतवैद्यामार्फतच मिळतं, तेही 18 वर्षांवरच्यांनाच. घरासाठी आमची पसंती 10% कार्बामाइडला. 1989 पासून रात्रीच्या ट्रेसाठी (जेल भरून दातांवर बसवायचा साचा) हेच प्रमाण सर्वात जास्त अभ्यासलं गेलं आहे. जास्त टक्क्यांनी रंग लवकर बदलतो, पण शेवटी पोहोचतो साधारण तिथेच, आणि वाटेत दात जास्त ठणकतात.

ट्रे शक्यतो दंतवैद्याकडून स्वतःच्या मापाचा करून घ्यावा. गरम पाण्यात टाकून चावायचा तयार ट्रे सैल बसतो. मग जेल हिरड्यांवर उतरतं, लाळ आत शिरते. सुरू करण्याआधी कीड भरून घ्या, फुटकं फिलिंग बदलून घ्या, आणि दोन आठवडे पोटॅशियम नायट्रेटवाली सेन्सिटिव्ह टूथपेस्ट वापरा.

रात्री मऊ ब्रशने दात घासा, ट्रे कोरडा करा. पुढच्या आठ-दहा दातांसाठी ट्रेच्या पुढच्या भिंतीला आतून, प्रत्येक दाताला मुगाच्या दाण्याएवढाच थेंब ठेवा. एका जबड्याला सुमारे अर्धा मिली पुष्कळ होतं. 3 मिलीची सिरिंज दोन-तीन रात्रींतच संपत असेल तर तुम्ही फार भरताय. ट्रे बसवून हिरडीवर आलेलं जेल बोटाने किंवा कापसाने लगेच पुसा. 10% कार्बामाइडची निम्मी ताकद पहिल्या दोन तासांतच खर्च होते, म्हणून ज्यांचे दात नाजूक आहेत त्यांनी रात्रभर न ठेवता दोनच तास ठेवलं तरी चालतं. नंतर चूळ भरा आणि ट्रे गार पाण्याने धुवा. गरम पाण्याने तो वाकडा होतो. आधी फक्त वरचेच दात करावेत. खालच्या दातांशी तुलना करून फरक रोजच्या रोज दिसतो.

कळ येणं हा सर्वात सामान्य त्रास. पेरॉक्साइड काही मिनिटांतच दाताच्या नसेपर्यंत पोहोचतं, त्यामुळे गार पाण्याने झणझणतं. एक दिवसाआड करा, आणि मधल्या दिवशी ट्रेमध्ये जेलऐवजी सेन्सिटिव्ह टूथपेस्ट घालून 10 ते 30 मिनिटं ठेवा. हिरडी पांढरी पडून चुरचुरत असेल तर ते जेलने भाजलेलं आहे. भरपूर चुळा भरा, भरून येईपर्यंत थांबा आणि पुढच्या वेळी जेल कमी घाला. एकाच दातात ठणका टिकून राहिला, रात्री झोपमोड झाली, तर सगळं बंद करून तो दात दाखवा. गरोदरपणी आणि अंगावर पाजत असताना हे टाळावं.

लिंबू आणि खाण्याच्या सोड्याच्या उपायाबद्दल स्पष्ट सांगायला हवं. सोडा तसा सौम्य असतो, घात लिंबू करतं. लिंबाच्या रसाचा पीएच 2 च्या आसपास, आणि इनॅमल 5.5 च्या खालीच विरघळू लागतं. विरघळलेलं इनॅमल पुन्हा तयार होत नाही. कोळशाची पावडर वरचा डाग खरवडते, आतला रंग तिला बदलता येत नाही. औषधाच्या दुकानातलं जखमेवर लावायचं पेरॉक्साइड ट्रेमध्ये ओतू नये. ते पातळ असल्याने दातावर टिकत नाही, हिरड्यांवर आणि घशात जातं. निळ्या दिव्याच्या घरगुती किटने दात लगेच पांढरे दिसतात, त्यात तोंड उघडं राहून दात कोरडे पडल्याचा वाटा मोठा असतो. एक-दोन दिवसांत ओलावा परतला की तो भाग निघून जातो.

साधारण दोन आठवड्यांत बहुतेकांचं काम होतं. दात डोळ्यांच्या पांढऱ्या भागाइतके झाले की थांबावं, त्यापुढे फक्त त्रास वाढतो. कॅप आणि जुनी फिलिंगं मात्र आहेत त्याच रंगाची राहतात, म्हणून समोरच्या दातांत ती असतील तर वेगळा रंग उठून दिसेल हे आधीच धरून चाला. ती बदलायची असतील तर शेवटच्या जेलनंतर दोन आठवडे जाऊ द्या. दातात अडकलेला ऑक्सिजन नव्या फिलिंगला नीट चिकटू देत नाही, आणि रंगही तोवर स्थिरावलेला नसतो.