पूररेषा आखायची कोणी आणि बिल कोणी भरायचं?

दर पावसाळ्यात ठरलेली चर्चा असते, पूररेषेच्या (पुराचं पाणी कुठपर्यंत येऊ शकतं ते नकाशावर दाखवणारी रेषा) आत बिल्डिंगा झाल्याच कशा. पण ती रेषा कधीच्या सर्व्हेवर आखली आणि त्या सर्व्हेचे पैसे कुणाच्या खिशातून गेले हे फारसं कुणी विचारत नाही, आणि माझ्या मते अर्धा घोळ तिथेच आहे.

गोष्ट सुरू होते 1975 ला. केंद्रीय जल आयोगाने पूरमैदानात, म्हणजे नदीकाठच्या पुराखाली येणाऱ्या जमिनीवर, कुठे काय बांधायचं, काय नाही याचं एक मॉडेल बिल (कायद्याचा नमुना मसुदा) तयार करून सगळ्या राज्यांना पाठवलं. पाणी आणि जमीन दोन्ही राज्याचे विषय, त्यामुळे दिल्ली फक्त सांगू शकते, कायदा राज्यानेच करायचा. मणिपूरने 1978 मधे केला, राजस्थानने 1990 मधे, उत्तराखंडने तर 2012 उजाडेपर्यंत वेळ घेतला. आपण पानशेत बघितलेलं राज्य, 12 जुलै 1961 ला धरण फुटून अर्धं पुणं पाण्याखाली गेलेलं, तरी महाराष्ट्राने असा कायदा केलाच नाही. आपल्याकडे आलं ते पाटबंधारे खात्याचं परिपत्रक, सप्टेंबर 1989 चं.

निळी आणि लाल रेषा तिथून आल्या. 25 वर्षांतून एकदा येऊ शकेल असा पूर किंवा पात्राच्या वहनक्षमतेच्या दीडपट पाणी, यातलं जे जास्त ती निळी रेषा. 100 वर्षांतून एकदाचा पूर ती लाल. नदी ते निळी हा पट्टा निषिद्ध, निळी ते लाल हा नियंत्रित. आता हे "100 वर्षांतून एकदा" लोक शब्दशः घेतात, म्हणजे 2005 ला आला ना, मग आता नातवंडांच्या काळात बघू. तसं नसतं, दरवर्षी तेवढा पूर यायची शक्यता एक टक्का असते, लागोपाठ दोन वर्षं पण येऊ शकतो. सांगली-कोल्हापूरने 2005, 2019 आणि 2021 असे तीन मोठे महापूर 16 वर्षांत बघितले.

परिपत्रकाने कामं वाटून दिली पण पैशासाठी बजेटमधे कायमची तरतूद काही दिली नाही. रेषा मंजूर करणार जलसंपदा, ती डीपीच्या (शहराच्या विकास आराखड्याच्या) नकाशावर चढवणार नगररचना, परवानगी देणार महापालिका नाहीतर नगरपालिका, आणि पूर आला की बोटी घेऊन धावणार कलेक्टर. सर्व्हेचा खर्च मात्र बहुतेक वेळा स्थानिक संस्थेने उचलायचा. हा सर्व्हे म्हणजे ठराविक अंतरावर नदीचे आडवे छेद घ्यायचे, दोन्ही काठांचे कंटूर (जमिनीच्या उंचीच्या रेषा), मधले सगळे पूल आणि बंधारे मोजायचे, मग जुने विसर्गाचे आकडे घालून मॉडेल चालवायचं. मोठी महापालिका हे करते, पण छोट्या नगरपालिकेचे पगारच वेळेवर होत नाहीत तिथे मुख्याधिकारी नदी मोजायला कुठून पैसे काढणार? आणि काढले तरी त्या नकाशाने तिच्याच हद्दीतल्या जमिनी अडकणार, म्हणजे स्वतःच्या पैशाने नगरसेवकांच्या शिव्या विकत घ्यायच्या.

म्हणून मग पूर आल्याशिवाय फाईल हलत नाही. नाशिक बघा. 19 सप्टेंबर 2008 ला गोदावरीचं पाणी सराफ बाजारात शिरलं, त्यानंतर तिथे रेषा आखल्या गेल्या आणि लगेच बांधकाम अडकलं म्हणून ओरड सुरू झाली. नाशिककर तसंही गोदापात्रातल्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीवर पूर मोजतात, कमरेपर्यंत आलं का गळ्यापर्यंत, आणि त्याला कुठल्याही खात्याची मंजुरी लागत नाही. चिपळूणला पण तेच झालं. जुलै 2021 मधे वाशिष्ठीने बाजारपेठ बुडवली, मग रेषा आल्या, आणि आमचं जुनं गावच रेषेत बसतंय तर घर दुरुस्त कसं करायचं म्हणून लोक विरोधात उभे राहिले. त्यांचं चुकतंय असं मला म्हणवत नाही.

मधल्या काळात नियम सैल होत गेले. राज्याच्या 2020 च्या एकत्रित बांधकाम नियमावलीत निळ्या-लालच्या मधे बांधायला मुभा आहे, अट एवढीच की जोतं लाल रेषेच्या पातळीपेक्षा 0.45 मीटर वर हवं. निळ्या रेषेच्या आतल्या जुन्या अधिकृत इमारतींचा पुनर्विकास पण जलसंपदाच्या एनओसीवर (ना हरकत दाखल्यावर) होऊ शकतो. म्हणजे सगळा भरवसा त्या लाल रेषेच्या आकड्यावर. तो आकडा जुना असेल, मधे गाळ साठला, भराव पडले, नवे पूल झाले, तर दीड फूट वर बांधलेलं जोतं पण पाण्यात आणि हातात एनओसी मात्र एकदम नियमाप्रमाणे! कोल्हापुरात राजाराम बंधाऱ्यावर धोका पातळी 43 फूट आहे, 2019 ला पाणी 55 च्या वर गेलं होतं.

2019 च्या पुरानंतर त्याची कारणं शोधायला नंदकुमार वडनेरे समिती बसली, 2020 मधे अहवाल आला. लोकांच्या लक्षात राहिलं ते कर्नाटकातल्या अलमट्टी धरणामुळे पूर येतो का हे भांडण, पूरक्षेत्रातल्या अतिक्रमणाचा मुद्दा त्याखाली दबला, कारण कर्नाटकला शिव्या देणं सोपं आहे आणि आपल्या गावातला भराव काढणं अवघड.

पैशाची बाजू खरी बदलली ती 15 व्या वित्त आयोगाने. आधी आपत्ती निधी म्हणजे मुख्यतः पंचनामे आणि मदत, पूर येऊन गेल्यावरचा खर्च. आयोगाने 2021-26 साठी राज्यांच्या निधीतला 20 टक्के हिस्सा आपत्ती येण्याआधीच्या कामांसाठी वेगळा काढला. शहरी पुरासाठी केंद्राने सात महानगरांचा कार्यक्रम आणला, त्यात आपल्याकडची मुंबई आणि पुणे. कृष्णा-भीमा खोऱ्यासाठी जागतिक बँकेच्या मदतीने सुमारे 3,200 कोटींची योजना आली, पण तिच्यात जास्त गाजतंय ते पुराचं पाणी दुष्काळी भागाकडे वळवणं. कालवा, बोगदा म्हटलं की उद्घाटन होतं, फोटो निघतो, आडवे छेद मोजणाऱ्या टीमचा फोटो कोण छापणार.

बरं, नदी काही महापालिकेची हद्द बघून वाहत नाही. एका शहराने नवी रेषा आखली आणि वरच्या बाजूच्या ग्रामपंचायतीत भराव चालूच राहिले तर दोन-चार वर्षांत तो नकाशा पुन्हा खोटा ठरतो, आणि पूर्ण खोरं एका वेळी मोजून ठराविक वर्षांनी अपडेट करायचं कायद्याने बंधन कुणावरच नाही. 1975 चं ते बिल आपल्या विधिमंडळात आलं असतं तर निदान कुणाला तरी पकडता आलं असतं.