ला पाझची सहल, मूत्रपिंडांच्या सोयीने

बोलिव्हियातल्या सांता क्रूझहून निघालेलं विमान ला पाझला उतरायला लागतं तेव्हा एक उलटाच प्रकार होतो. विमान खाली येत असतं आणि आतला प्रवासी मात्र वर चढत असतो. प्रवासी विमानाच्या आतली हवा जास्तीत जास्त २,४०० मीटर उंचीवर असते तितकीच विरळ होऊ देतात. ला पाझचा विमानतळ आहे एल आल्तोच्या पठारावर, ४,०६१ मीटरवर. उतरल्यावर दार उघडायचं तर आतला दाब बाहेरच्याइतका खाली आणावाच लागतो. म्हणून धावपट्टी जवळ येते तसतशी आतली हवा आणखी विरळ होत जाते. खिडकीबाहेर ६,४३८ मीटर उंचीचा बर्फाच्छादित इयिमानी पर्वत दिसत असतो, त्यामुळे इकडे कुणाचं लक्ष नसतं.

महाराष्ट्रातलं सर्वात उंच शिखर कळसूबाई, १,६४६ मीटर. एका कळसूबाईवर दुसरी रचली तरी ३,६४० मीटरवरचं मध्यवर्ती ला पाझ साडेतीनशे मीटर वरच राहतं. लेहपेक्षाही ते थोडं उंच आहे. गंमत म्हणजे कोल्हापूर विषुववृत्ताच्या जितकं उत्तरेला, जवळपास तितकंच ला पाझ दक्षिणेला. नकाशावर ते उष्ण कटिबंधात आहे आणि तिथे गेलं की जूनच्या रात्री गोधडीत हुडहुडी भरते. (कागदोपत्री बोलिव्हियाची राजधानी सुक्रे आहे. सरकार आणि संसद ला पाझमध्ये. जगातली सर्वात उंच राजधानी ला पाझ की इक्वादोरची कितो, हा वाद त्यामुळेच चालू राहतो.)

अशा शहराची सहल आखताना आपण हॉटेल, तिकिटं, बघायच्या जागा यांची यादी करतो. माझं म्हणणं असं, की पहिल्या तीन दिवसांचा कार्यक्रम डोळ्यांसाठी न आखता मूत्रपिंडांसाठी आखावा. हे विचित्र वाटेल, म्हणून जरा हिशेब मांडतो.

‘उंचावर हवेत ऑक्सिजन कमी असतो’ हे वाक्य आपण शाळेपासून ऐकतो. हवेतला ऑक्सिजनचा वाटा ला पाझमध्येही २१ टक्केच असतो. कमी असतो तो दाब. फ्रेंच शरीरशास्त्रज्ञ पॉल बेर यांनी १८७८ साली दाखवून दिलं की उंचीवरचा त्रास हवेच्या दाबाने थेट होत नाही, ऑक्सिजनच्या वाट्याला येणारा दाब उतरल्यामुळे होतो. मुंबईत हवेचा दाब पाऱ्याच्या ७६० मिलिमीटरइतका, ला पाझमध्ये तो ४९० च्या आसपास. आत घेतलेली हवा शरीर आधी ओली करतं. त्या वाफेचा दाब ४७, मग तुम्ही दादरला असा की अँडीजमध्ये. तो वजा करून उरलेल्याचे २१ टक्के काढले तर मुंबईच्या श्वासनलिकेत ऑक्सिजनचा दाब १४९ येतो, ला पाझमध्ये ९३.

पुढे खरी मेख आहे. फुप्फुसांच्या टोकाला द्राक्षाच्या घडासारखे वायुकोश असतात. तिथे ऑक्सिजनला एकट्याची खोली मिळत नाही. रक्तातून आलेला कार्बन डायऑक्साइडही त्याच खोलीत मुक्काम करतो. त्याने जागा अडवली की ऑक्सिजनला तितकी कमी उरते. मुंबईत हा पाहुणा परवडतो, कारण खोली मोठी आहे. ला पाझमध्ये तुम्ही घरच्यासारखाच श्वास घेत राहिलात तर वायुकोशातला ऑक्सिजनचा दाब ४३ च्या आसपास घसरेल. मात्र जोरजोरात श्वास घेऊन कार्बन डायऑक्साइड बाहेर फेकला, त्याचा दाब ४० वरून ३० वर आणला, तर ऑक्सिजन ५५ च्या पुढे जातो.

बारा-तेरा मिलिमीटरने काय होतं? हिमोग्लोबिनच्या स्वभावामुळे बरंच काही होतं. ऑक्सिजनचा दाब १०० वरून ६० वर आला तरी रक्त ९० टक्के भरलेलं राहतं. साठच्या खाली मात्र कडा तुटल्यासारखी घसरण लागते. ला पाझ नेमकं त्या कड्याच्या तोंडाशी वसलं आहे. कोविडच्या काळात घरोघरी आलेला ऑक्सिमीटर सोबत नेलात तर पहिल्या दिवशी ८५ ते ९० च्या दरम्यानचे आकडे दिसतील. तेव्हा ९४ च्या खाली गेलं की आपण खाट शोधायला धावत होतो. इथे तोच आकडा बोटाला लावून माणसं भाजी घेत असतात.

तर शरीराने करायचं एवढंच, की श्वास वाढवायचा. मानेतल्या मोठ्या धमन्यांपाशी तांदळाच्या दाण्याएवढ्या गाठी असतात, त्या रक्तातला ऑक्सिजन चाखत असतात. या शोधासाठी बेल्जियमच्या कॉर्नेय हेमान्स यांना १९३८ चं नोबेल मिळालं. ऑक्सिजन उतरला की काही मिनिटांत त्या गाठी मेंदूकडे ओरड करतात. श्वास वाढू लागतो. पण कार्बन डायऑक्साइड बाहेर गेला की रक्त अल्कधर्मी होतं, आणि मेंदूचं दुसरं केंद्र, ज्याला फक्त आम्लतेशी देणंघेणं आहे, ते म्हणतं, पुरे. एक जण अ‍ॅक्सिलरेटर दाबतोय आणि दुसऱ्याचा पाय ब्रेकवर. पहिल्या रात्रीचं डोकं ठणकणं, मळमळ, भूक मरणं या सगळ्याच्या मुळाशी ऑक्सिजनची तूट आहे, आणि ती लगेच भरून निघत नाही ती या ओढाताणीमुळे.

ब्रेकवरचा पाय काढतात ती मूत्रपिंडं. ती रक्तातला जादा बायकार्बोनेट हा अल्कधर्मी घटक लघवीवाटे बाहेर टाकतात, रक्ताची आम्लता पूर्वपदावर येऊ लागते आणि श्वास मोकळेपणी वाढू शकतो. फुप्फुसं मिनिटांत हलतात, मूत्रपिंडांना मात्र दोन-तीन दिवस लागतात, पूर्ण काम व्हायला त्याहून जास्त. त्यांना घाई करता येत नाही. व्यायामशाळेत कमावलेल्या छातीलाही इथे काही सवलत नाही. उलट तरणीताठी माणसंच पहिल्या दिवशी चढावर पळून दाखवतात आणि संध्याकाळी बादली शोधतात. लेहला जाऊन आलेल्यांना हे नवं नाही.

रात्री ही ओढाताण उघडी पडते. झोपेत काही खोल श्वास, मग दहा-पंधरा सेकंद काहीच नाही, मग एकदम धाप लागून पुन्हा श्वास. शेजारी झोपलेला घाबरतो. पण हा आजार नव्हे. दोन नियंत्रकांचा ताळमेळ बसेपर्यंत असं चालतं. झोपेची गोळी किंवा सिंगानी या स्थानिक द्राक्षाच्या दारूचा पेला यावर उपाय वाटतो, पण दोन्ही श्वासाचा वेग आणखी दाबतात.

ट्रेकर मंडळींमध्ये डायमॉक्स या नावाने ओळखलं जाणारं अ‍ॅसिटाझोलामाइड मूत्रपिंडांनाच ढकलतं. ते बायकार्बोनेट लवकर बाहेर काढायला लावतं, म्हणजे शरीर तिसऱ्या दिवशी जे करणार ते पहिल्याच दिवशी सुरू होतं. म्हणून तर ते घेतलं की लघवीला सारखं जावं लागतं आणि बोटांना मुंग्या येतात. सल्फाची अ‍ॅलर्जी असलेल्यांनी याबाबत आधी डॉक्टरांना विचारावं. विचारायलाच हवं अशी आणखी एक मंडळी आहेत. विदर्भात आणि नंदुरबारच्या पट्ट्यात सिकल सेल या रक्ताच्या आनुवंशिक आजाराचं प्रमाण लक्षणीय आहे. ज्यांच्यात त्या जनुकाची एकच प्रत असते त्यांना घरी आयुष्यभर काही जाणवत नाही, पण इतक्या उंचीवर त्यांच्या प्लीहेचा रक्तपुरवठा तुटण्याचा धोका असतो. डाव्या बरगड्यांखाली अचानक दुखू लागलं तर ते जेवण बाधल्याचं समजून चालणार नाही.

आता वाट. मुंबईहून ला पाझला थेट विमान नाही. युरोपमार्गे किंवा ब्राझीलमार्गे कसंही गेलात तरी सांता क्रूझ वाटेत येऊ शकतं, आणि ते अवघ्या ४१६ मीटरवर आहे. बोलिव्हियाची वेळ आपल्या साडेनऊ तास मागे. त्या जागरणाने आधीच डोकं जड झालेलं असतं. त्यावर त्याच दिवशी ४,०६१ मीटर चढलात तर डोकेदुखी कशाची, हे ओळखताच येणार नाही. नियम सोपा आहे: उंचावर दुखणारं डोकं उंचीमुळेच दुखतंय असं धरून चालायचं. म्हणून दोन रात्री सांता क्रूझला झोप काढावी, मग २,५५० मीटरवरचं कोचाबांबा किंवा २,८०० च्या आसपासचं सुक्रे इथे दोन-तीन रात्री, आणि मग ला पाझ. सुक्रे नुसतं थांबा म्हणून सुचवणं हा त्या पांढऱ्याशुभ्र शहरावर अन्याय आहे, पण मूत्रपिंडांना स्थापत्यात रस नसतो.

ला पाझमध्येही मुक्काम कुठे करायचा याला अर्थ आहे. शहर एका खोल वाडग्यासारखं आहे. आपल्याकडे टेकडीवरचा बंगला श्रीमंताचा असतो. इथे उलट, जितकं खाली तितकं ऊबदार आणि तितकंच महाग. दक्षिणेकडचा सोना सूर हा सधन भाग शहराच्या मध्यापेक्षा तीन-चारशे मीटर खाली आहे, आणि वर कडेला थंड वाऱ्यात कष्टकरी आयमारा आदिवासींच्या वस्तीचं एल आल्तो. झोपायचं खाली, फिरायचं वर. २०१४ पासून केबल कारच्या दहा मार्गांचं जाळं या दोन जगांना जोडतं. ती पर्यटकांची करमणूक म्हणून बांधलेली नाही, लोक तिने कामावर जातात. पण चढ न चढता उंची चाखायची असेल तर याहून सोपं साधन नाही.

वाडग्याची एक अडचण मात्र लक्षात ठेवा. बसल्या जागी धाप लागणं, छातीत घरघर, खोकल्यातून गुलाबी फेस ही फुप्फुसात पाणी झाल्याची लक्षणं. दारू न पिता झोकांड्या जाणं, असंबद्ध बोलणं ही मेंदूला सूज आल्याची. दोन्हींवर खरा उपाय एकच, ताबडतोब खाली उतरणं. ला पाझमधून उतरायच्या बहुतेक वाटा मात्र आधी वर चढतात. विमानतळ चारशे मीटर वर, आणि युंगासच्या हिरव्या दऱ्यांकडे जाणारा रस्ता ४,६५० मीटरच्या ला कुम्ब्रे खिंडीतून. म्हणून अशा वेळी टॅक्सी शोधण्याआधी ऑक्सिजन आणि रुग्णालय शोधावं.

मूत्रपिंडांचं हे वेळापत्रक फुटबॉलवाल्यांना आपल्याआधी कळलं. डोंगरी आजाराची लक्षणं पोचल्यापासून सहा ते बारा तासांनी सुरू होतात. म्हणून पाहुणे संघ सामन्याच्या अगदी काही तास आधी विमानाने वर येतात, खेळतात आणि परततात. मधला मार्ग, म्हणजे एक-दोन दिवस आधी येणं, सर्वात वाईट. पळताना धाप लागायची ती लागतेच. १ एप्रिल २००९ ला मॅराडोनाच्या मार्गदर्शनाखालचा अर्जेंटिनाचा संघ इथे ६-१ ने हरला. विरळ हवेत चेंडूला अडथळा कमी, त्यामुळे तो वेगाने जातो आणि कमी वळतो. गोलरक्षकाचा आयुष्यभराचा अंदाज चुकतो. २००७ मध्ये फिफाने उंचीवरच्या आंतरराष्ट्रीय सामन्यांवर बंदी घातली, बोलिव्हियाने राष्ट्रीय अपमान मानून ती उठवायला लावली, आणि २०२४ मध्ये आपले घरचे सामने आणखी वर, एल आल्तोच्या मैदानावर नेले.

हॉटेलात पोचल्या पोचल्या हातात कोकाच्या पानांचा चहा येईल. डोंगरी आजाराला तिथे सोरोचे म्हणतात आणि हा त्यावरचा घरगुती उतारा. पानांत अत्यल्प कोकेन असतं, मरगळ थोडी जाते. पण शरीराला उंचीची सवय लवकर होते याचा ठोस पुरावा नाही. बोलिव्हियात हे पूर्ण कायदेशीर आणि आयमारा-केचुआ समाजात पूज्य आहे. मात्र भारताच्या अमली पदार्थ कायद्यात कोकाचं पान बसतं. चहाची एक पुडीही आठवण म्हणून बॅगेत टाकू नका.

चहावरून आठवलं, तिथे पाणी ८८ अंशांच्या आसपासच उकळतं. आपला आल्याचा चहा करून बघायचा असेल तर तो नेहमीपेक्षा जास्त वेळ उकळत ठेवावा लागेल. बटाटा शिजायलाही बराच जास्त वेळ लागतो. कुकर तिथे चैनीची वस्तू नाही, पण तोही जरा मवाळ होतो. शिट्टी बाहेरच्या दाबावर ठरावीक भर घालते, आणि बाहेरच कमी असल्यामुळे आतलं तापमान १२१ ऐवजी ११५ अंशांवर थांबतं. डाळीला दोन शिट्ट्या जास्त. अँडीजच्या लोकांनी याच हवामानाचा उलट फायदाही करून घेतला. कडाक्याच्या रात्री बटाटे उघड्यावर गोठवायचे, सकाळी पायाने तुडवून पाणी काढायचं, कोरड्या उन्हात वाळवायचे. त्याला चुन्यो म्हणतात, आणि तो वर्षानुवर्षं टिकतो. बाजारात तो काळ्या-पांढऱ्या खड्यांसारखा दिसेल. चवीबद्दल मी बोलत नाही.

तेच कोरडं ऊन आपल्याला मात्र भाजतं. दर हजार मीटरला अतिनील किरणं सुमारे १० टक्क्यांनी वाढतात. हवा गार असल्याने चटका जाणवत नाही आणि संध्याकाळी नाकाची साल निघते.

पिढ्यान्‌पिढ्या इथे राहणाऱ्यांची तऱ्हा वेगळी. त्यांच्या रक्तात हिमोग्लोबिन जास्त असतं. तिबेटी लोकांनी तीच अडचण दुसऱ्या रीतीने सोडवली, हिमोग्लोबिन फारसं न वाढवता. अँडीजच्या तोडग्याला किंमत मोजावी लागते. काहींचं रक्त इतकं दाट होतं की ओठ निळे पडतात, डोकं सतत दुखतं. पेरूचे डॉक्टर कार्लोस मोंखे यांनी १९२० च्या दशकात याचं वर्णन केलं, आणि आजही हा आजार त्यांच्याच नावाने ओळखला जातो. म्हणजे तिथे जन्मलेल्यांनाही उंची फुकट मिळालेली नाही.

निघण्याआधी एक काम उरतं, पिवळ्या तापाची लस. हा ताप पसरवणारा डास २,३०० मीटरच्या वर टिकत नाही, त्यामुळे खुद्द ला पाझमध्ये त्याची भीती नाही. पण भारत सरकार देशाचं नाव बघतं, उंची बघत नाही. बोलिव्हियाहून परतताना पिवळं प्रमाणपत्र नसेल तर सहा दिवसांपर्यंत विलगीकरणात ठेवतात. शिवाय वर सांगितलेली सांता क्रूझची दोन रात्रींची विश्रांती नेमकी डासांच्या टप्प्यात येते. लस निघण्याच्या किमान १० दिवस आधी, सरकारमान्य केंद्रातच घ्यावी लागते. ती जिवंत विषाणूंची असते, तेव्हा साठी ओलांडलेल्यांनी आधी डॉक्टरांशी बोलून घ्यावं आणि मगच विमानाचं तिकीट काढावं.