‘तेरडा वाळला, बदलून द्या’ म्हणणाऱ्यांसाठी

गणपती गेले, दसरा जवळ आला की रोपवाटिकेचा फोन वाजायला लागतो. “तुमच्याकडून नेलेला तेरडा पिवळा पडला. पाणी तर रोज घालतोय!” काही जण कुंडीच घेऊन दारात येतात. रोप बदलून मिळणार नाही, हे आधीच सांगतो. तेरडा वर्षायू आहे. पहिल्या पावसात उगवतो, श्रावण-भाद्रपदात फुलतो, आश्विनात बी टाकून वाळतो. मग खत घाला नाहीतर औषध मारा, तो परत हिरवा होत नाही. पाणी जास्त झालं तर मात्र त्याचं रसाळ खोड बुंध्याशी कुजतं.

खरा घोळ पुढेच होतो. पिवळं रोप उपटून कचऱ्यात जातं आणि जूनला माणूस पुन्हा आमच्याकडे. (धंदा आमचाच होतो, तरी सांगतो.) उपटण्याआधी पानांच्या बगलेत लोंबणारी लवदार, दोन्ही टोकांना निमुळती बोंडं बघा. टच्च फुगलेलं बोंड चिमटीत धरलं की फट्‌दिशी फुटतं, सालीच्या पाच पट्ट्या आत वळतात आणि बारीक तपकिरी बिया उडून जातात. शास्त्रीय नावातल्या ‘इम्पेशन्स’चा अर्थच अधीर. म्हणून बोंड मुठीत झाकून फोडा. बी सावलीत वाळवून कागदी पुडीत ठेवा आणि पहिल्या पावसाला मातीवर विखरून वर चिमूटभर माती टाका. खोल पुरू नका.

आमचा तेरडा रानातला, एकेरी फुलाचा, मागे बाकदार शेपटी असलेला. कोकणात गौरी म्हणून मुळासकट घरी आणतात तोच. मुळं म्हणजे गौरीची पावलं. त्याचं मूळ घर भारत-म्यानमारचा पट्टा. आपल्याकडे पावसाळ्यात बांधांवर, गडग्यांवर, घाटउतारांवर भरपूर. बाजारातला गुलाबासारखा भरगच्च तेरडाही याच जातीचा, फक्त बागेसाठी निवडून वाढवलेला. तो आम्ही ठेवत नाही.

“कासचा तेरडा आहे का?” हा दुसरा नेहमीचा प्रश्न. कासच्या पठारावर गुलाबी गालिचा पसरतो तो इम्पेशन्स लॉवीचा. ती जात वेगळी, सह्याद्रीच्या सड्यांवरची, म्हणजे कातळपठारांवरची. ती आम्ही विकत नाही आणि तिथून कुणी उपटून आणली तर घेतही नाही.

यंदा बी धरायचं राहिलं असेल तर मे महिन्यापासून पुड्या मिळतील. तुमच्या गावच्या पांढऱ्या तेरड्याचं बी असेल तर घेऊन या, बदल्यात आमची गुलाबी पुडी न्या.