वार काय अडवते, काय सोडते

जपानमध्ये बाळाच्या नाळेचा वाळलेला तुकडा लहानशा पेटीत घालून घरात जपून ठेवायची जुनी रीत आहे. मिनामाता या समुद्रकाठच्या गावात या पेट्या पुढे पुराव्याच्या कामी आल्या. १९५६ मध्ये तिथे एका विचित्र आजाराची अधिकृत नोंद झाली. माणसांचे हातपाय थरथरत, तोल जाई, दिसणं आणि ऐकणं बिघडे. चिस्सो कंपनीच्या कारखान्यातून मिथिलमर्क्युरी हे पाऱ्याचं संयुग समुद्रात जात होतं. ते मासळीत उतरलं आणि मासळीतून माणसांत. त्याच सुमारास गावात सेरेब्रल पाल्सीसारखी, म्हणजे मेंदूच्या इजेमुळे हालचालींवर ताबा नसल्याची, लक्षणं असलेली मुलं जन्माला येत होती. त्यांनी तर मासे खाल्लेच नव्हते, आणि त्यांच्या बऱ्याचशा आया वरून पाहता धडधाकट होत्या. वार (प्लॅसेंटा), म्हणजे गर्भाशयात आईला आणि बाळाला जोडणारा अवयव, विषाला बाळापर्यंत पोचूच देत नाही, असं तेव्हाच्या डॉक्टरांनी जवळजवळ गृहीत धरलं होतं. मासाझुमी हाराडा या तरुण डॉक्टरांनी मात्र त्या आयांचं म्हणणं मनावर घेतलं. जपून ठेवलेल्या नाळा पुढे तपासल्या गेल्या, तेव्हा त्यांत मिथिलमर्क्युरी सापडलं.

वार विषाला अडवते ही समजूत आली कुठून, हे तिची रचना पाहिली की कळतं. पूर्ण दिवस भरल्यावर वार साधारण अर्धा किलो वजनाची आणि वीत-सव्वा वीत रुंद असते. आतून ती असंख्य बारीक अंकुरांनी भरलेली असते. हे अंकुर आईच्या रक्तात बुडालेले असतात आणि बाळाचं रक्त त्यांच्या आतल्या केशवाहिन्यांतून फिरतं. दोन्ही रक्तं एकमेकांना खेटून वाहतात, पण मिसळत नाहीत. सगळ्या अंकुरांचा पृष्ठभाग पसरला तर तो दहा-बारा चौरस मीटर भरेल. त्यावरचं आवरण तर फारच खास आहे. शेजारशेजारच्या पेशी एकमेकींत विरघळून त्यांची एक सलग चादर झालेली असते. दोन पेशींमध्ये सांधाच नाही, त्यामुळे जंतूंना शिरायला फटही नाही. पेशींना असं एकजीव करणारं सिन्सिटिन हे प्रथिन ज्या जनुकापासून बनतं, ते आपल्या पूर्वजांना कोट्यवधी वर्षांपूर्वी एका रेट्रोव्हायरसकडून मिळालं आहे. जंतूंना थोपवणारा पडदा विषाणूच्याच जनुकानं शिवलेला आहे. उत्क्रांतीतला हा मला सर्वांत आवडणारा योगायोग.

पण याच पडद्याला बाळाला खाऊपिऊही घालायचं असतं. त्यासाठी त्याच्यावर वाहक प्रथिनं असतात, आणि ती ओळखतात रेणूचा आकार. मिथिलमर्क्युरी शरीरात सिस्टीन या अमिनो आम्लाला चिकटलं की ते जोडपं मिथिओनिन या दुसऱ्या अमिनो आम्लासारखं दिसू लागतं. वाहक प्रथिनं त्याला अन्न समजून आत घेतात. म्हणूनच नाळेतल्या रक्तात पाऱ्याचं प्रमाण आईच्या रक्तापेक्षा जास्त आढळतं, सरासरी दीडपटीहून अधिक. त्यात बाळाचा मेंदू नुकता घडत असतो. आई चालती-फिरती आणि बाळ मात्र जबर आजारी, या कोड्याचं उत्तर इथे मिळतं.

शिसं शरीराला कॅल्शियमसारखं भासतं. ते वर्षानुवर्षं हाडांत साठून राहतं आणि गरोदरपणात हाडांतून कॅल्शियम निघू लागलं की त्याच्यासोबत बाहेर पडतं. म्हणजे आई लहानपणी ज्या शिशाच्या संपर्कात आली, ते वीस-पंचवीस वर्षांनी तिच्या बाळापर्यंत पोचू शकतं. दारूला कुठल्या वाहकाची गरजच नसते. ती सरळ पलीकडे झिरपते, आणि बाळाचं कोवळं यकृत तिचा निचरा करू शकत नाही.

कॅडमियमची तऱ्हा उलटी. तंबाखूच्या धुरातून येणारा हा धातू वार बऱ्याच अंशी स्वतःतच अडकवून ठेवते. काम चोख केलं म्हणावं, पण त्यापायी तिचंच नुकसान होतं. बाळाकडे जाणाऱ्या जस्ताचा पुरवठा बिघडतो आणि बाळाची वाढ मंदावते. विष बाळापर्यंत पोचलं की नाही, एवढाच प्रश्न विचारला तर अशी हानी नजरेतून सुटते.

मलेरिया हे याचं सर्वांत बोलकं उदाहरण. फाल्सिपारम मलेरियाचा परजीवी तांबड्या पेशीत शिरला की त्या पेशीच्या अंगावर चिकटून राहायला उपयोगी पडणारं एक प्रथिन उमटवतो. या प्रथिनाचे त्याच्याकडे अनेक नमुने असतात. त्यातला एक नमुना वारेतल्या काँड्रॉइटिन सल्फेट या शर्करेच्या साखळीला नेमका चिकटतो. मलेरियाच्या प्रदेशात वाढलेल्या बाईच्या शरीरात लहानपणापासूनच्या तापांमुळे बरीचशी प्रतिकारशक्ती तयार झालेली असते. पण हा नमुना तिच्या शरीरानं कधी पाहिलेलाच नसतो, कारण याआधी तिच्या पोटात वार नव्हती! म्हणून पहिलटकरणीला सर्वांत जास्त फटका बसतो, आणि पुढच्या गरोदरपणांत या नमुन्याविरुद्ध प्रतिपिंडं (जंतूंशी लढणारी प्रथिनं) तयार झालेली असल्यानं तो कमी होत जातो. परजीवी बाळापर्यंत क्वचितच जातो. तरीही पेशींनी तुंबलेल्या वारेमुळे बाळ कमी वजनाचं जन्मतं. आईला ताप नसतानाही हे घडू शकतं.

इतर जंतूंच्या वाटा वेगळ्या. लिस्टेरिया हा जीवाणू दूषित अन्नातून येतो आणि एका पेशीतून थेट शेजारच्या पेशीत सरकतो. वार गर्भाशयाला जिथे घट्ट धरून असते, तिथे तिच्या पेशींची चादर सलग नसते. त्याला नेमकी तीच जागा फावते. झिका विषाणू वारेतल्या भक्षकपेशींमध्येच वाढतो आणि पुढे मेंदू घडवणाऱ्या पेशी गाठतो.

नुकसान किती होईल हे दिवसांवरही ठरतं. १९४१ मध्ये ऑस्ट्रेलियातले नेत्रतज्ज्ञ नॉर्मन ग्रेग यांच्याकडे जन्मजात मोतीबिंदू असलेली तान्ही बाळं एकापाठोपाठ एक येऊ लागली. बहुतेक बाळांच्या आयांना गरोदरपणाच्या सुरुवातीला रुबेला हा विषाणूजन्य आजार होऊन गेला होता. आईला अंगावर पुरळ आणि हलका ताप, एवढंच. टॉक्सोप्लाझ्मा या परजीवीचं गणित आणखी चमत्कारिक आहे. आईला पहिल्या तिमाहीत लागण झाली तर तो बाळापर्यंत पोचण्याची शक्यता कमी, पण पोचला तर नुकसान मोठं. शेवटच्या तिमाहीत शक्यता वाढते आणि नुकसान सहसा कमी होतं.

थॅलिडोमाइडच्या बाबतीत हे दिवस जवळपास मोजताच आले. पश्चिम जर्मनीत १९५७ पासून झोपेसाठी विकलं गेलेलं हे औषध १९६१ च्या नोव्हेंबरात बाजारातून काढलं, तोवर जगभरात दहा हजारांहून अधिक बाळांना त्याचा फटका बसला होता. गर्भधारणेनंतरच्या साधारण विसाव्या ते छत्तिसाव्या दिवसांत गोळी घेतली असेल तर कान, हात, पाय यांपैकी त्या वेळी जे घडत असेल ते बिघडायचं. यातल्या सुरुवातीच्या दिवसांत दिवस गेल्याचं अनेकींना ठाऊकही नसतं, आणि वार तर पुरती घडलेलीही नसते. औषधाचा हा दोष उंदरांत दिसत नाही, ही आणखी एक अडचण. गर्भाच्या वाढीला लागणाऱ्या एका प्रथिनाचा ते नाश घडवून आणतं, हे २०१८ मध्ये स्पष्ट झालं.

एवढं सगळं ठाऊक असूनही बाळंतपणानंतर वार बहुतेक वेळा वरवर पाहून टाकून दिली जाते. मृतजन्म झाला असेल किंवा बाळाची वाढ खुंटलेली असेल, तेव्हा तरी ती पॅथॉलॉजिस्टकडे गेलीच पाहिजे, असं माझं मत आहे. कोविडच्या काळात काही मृतजन्मांमध्ये बाळ नव्हे, तर वारच निकामी झाल्याचं कळलं, ते ती सूक्ष्मदर्शकाखाली पाहिली गेली म्हणूनच.

आईची आयजीजी प्रतिपिंडं मात्र वार स्वतःहून उचलून बाळाला देते, तीही मुख्यतः शेवटच्या तीन महिन्यांत. डांग्या खोकल्याची लस गरोदरपणात देण्यामागे हाच हिशेब असतो, कारण बाळाला या खोकल्याची स्वतःची पहिली लस जन्मानंतर सहा ते आठ आठवड्यांनी मिळते. आयजीएम नावाची मोठी प्रतिपिंडं वार ओलांडू शकत नाहीत. त्यामुळे नवजात बाळाच्या रक्तात रुबेलाविरुद्धची आयजीएम सापडली, तर ती बाळाचीच असतात आणि लागण पोटातच झाली होती, असा अर्थ डॉक्टर काढतात.