टेकऑफचा भोंगा आणि चुकीचा आकडा

१२ जून २०२५ रोजी अहमदाबादहून लंडनला निघालेलं एअर इंडियाचं विमान कोसळलं आणि त्याच दिवशी ‘फ्लॅप लावले नव्हते का?’ ही चर्चा सुरू झाली. महिन्याभराने आलेल्या प्राथमिक अहवालात फ्लॅपचा लिव्हर ५ अंशांवर, म्हणजे असायला हवा तिथेच, सापडल्याची नोंद आहे. लक्ष वेधलं गेलं ते इंधनाच्या स्विचांकडे. तरीही पहिला संशय फ्लॅपवर जाणं साहजिक होतं. यापूर्वी तसं अनेकदा घडलंय.

पंखाच्या मागच्या कडेचे फ्लॅप आणि पुढच्या कडेचे स्लॅट बाहेर काढले, तर कमी वेगातही पंख विमानाचा भार पेलतो. ते न काढता दौड घेतली तर विमान कसंबसं जमीन सोडतं आणि लगेच स्टॉल होऊ शकतं, म्हणजे पंख भार पेलेनासा होतो. चेकलिस्टमधली ही ओळ राहून गेलीच तर कळावं म्हणून कॉकपिटमध्ये इशारा देणारा भोंगा आला. थ्रस्ट लिव्हर, म्हणजे इंजिनाचा जोर वाढवणारे दांडे, पुढे सरकवले आणि फ्लॅप जागेवर नसले की तो वाजतो.

निदान वाजायला हवा. २६ डिसेंबर १९६८ ला अलास्कात अँकरेजजवळच्या एलमेंडॉर्फ तळावरून पॅन अ‍ॅमचं मालवाहू ७०७ फ्लॅप न काढताच निघालं आणि तिघेही कर्मचारी गेले. भोंग्याचा स्विच लिव्हर ठरावीक कोनापलीकडे गेल्यावरच चालू होणारा होता. कडाक्याच्या थंडीत हवा दाट असते, त्यामुळे लिव्हर तिथवर न नेताच पुरेसा जोर मिळाला. पुढे हा कोन कमी करण्यात आला.

डेट्रॉइटची गोष्ट जास्त बोचणारी आहे. १६ ऑगस्ट १९८७, नॉर्थवेस्ट या अमेरिकी कंपनीचं एमडी-८२ विमान. ऐनवेळी धावपट्टी बदलली, गडबडीत टॅक्सी (जमिनीवरून धावपट्टीपर्यंत जाणं) करतानाची चेकलिस्ट झालीच नाही आणि फ्लॅप-स्लॅट आतच राहिले. भोंगा गप्प होता, कारण त्याला वीजच पोचत नव्हती. ती का तुटली, हे तपासाअंतीही ठरलं नाही. संशयाचं बोट पी-४० या सर्किट ब्रेकरकडे (वीज तोडणाऱ्या बटणाकडे) गेलं. टॅक्सी करताना हा भोंगा उगाच कटकट करतो म्हणून काही वैमानिक तो ब्रेकर ओढून ठेवत, हेही पुढे आलं. विमानातल्या १५५ पैकी चार वर्षांची एक मुलगी तेवढी वाचली.

त्यानंतर उत्पादक कंपनीने प्रत्येक उड्डाणापूर्वी भोंगा तपासायची शिफारस केली. स्पॅनएअर या स्पॅनिश कंपनीच्या कार्यपद्धतीत ती तशी उतरली नव्हती. २० ऑगस्ट २००८ ला माद्रिदमध्ये त्यांच्या एमडी-८२ ने एकदा उड्डाण सोडून दिलं, कारण बाहेरचं तापमान मोजणारा प्रोब जमिनीवरच तापत होता. तो हवेत गेल्यावर तापायचा असतो. तंत्रज्ञाने ब्रेकर ओढून प्रोबचा हीटर बंद केला. बर्फ साचण्याची शक्यता नसल्याने ते नियमात बसत होतं. पण आर२-५ हा एकच रिले (विजेवर चालणारा स्विच) प्रोबच्या हीटरला आणि टेकऑफच्या भोंग्यालाही ‘विमान जमिनीवर आहे’ हे कळवतो. म्हणजे तापणारा प्रोब हेच कदाचित भोंगा बंद असल्याचं लक्षण होतं. रिले नेमका कसा बिघडला हे अहवालाला ठामपणे सांगता आलं नाही. दुसऱ्या खेपेला सहवैमानिकाने चेकलिस्टमध्ये फ्लॅप ११ अंश म्हणून वाचले. प्रत्यक्षात ते शून्यावर होते. १७२ पैकी १५४ जण मृत्युमुखी पडले.

इतकं होऊनही, भोंगा बघतो ते फक्त विमानाचं बाह्य रूप. आकडा बरोबर आहे का, हे तो विचारत नाही.

२० मार्च २००९ ला मेलबर्नहून दुबईला निघालेल्या एमिरेट्सच्या ए३४०-५०० चं वजन ३६२.९ टन होतं, लॅपटॉपमध्ये २६२.९ टन भरलं गेलं. शंभर टनांनी हलक्या विमानाचे वेग आणि इंजिनाचा जोर निघाला. तोच आकडा पुढे कागदावरही उतरल्याने पडताळणीत चूक सापडलीच नाही. कप्तानने शेवटी पूर्ण जोर लावला. शेपूट घासत, धावपट्टीपलीकडचे दिवे आणि अँटेना उडवत विमान हवेत गेलं आणि सुखरूप परतलं.

इथे खरा घोळ कमी जोराच्या टेकऑफचा आहे. इंजिनाची झीज वाचावी म्हणून वजन, तापमान आणि धावपट्टीनुसार रोज वेगळा जोर वापरला जातो. त्यामुळे विमान किती जोरात धावायला हवं याचा ठोकताळा वैमानिकाच्या अंगात मुरत नाही. ‘जरा सुस्त वाटतंय’ हे लक्षात येईपर्यंत निम्मी धावपट्टी मागे पडलेली असते. त्या वेळी आकडा शोधत बसायचं नसतं. लिव्हर पार पुढे ढकलायचे.

बेलफास्टला २१ जुलै २०१७ ला नेमकं तेच उशिरा झालं. ७३७-८०० मध्ये बाहेरचं तापमान १६ ऐवजी उणे ५२ अंश भरलं गेलं. इंजिनाचा एन१ (पंख्याचा वेग, म्हणजेच जोराचं माप) ९३.३ टक्क्यांऐवजी ८१.५ टक्के ठरला आणि विमानाने धावपट्टीच्या टोकापलीकडचा एक दिवा उडवला. भरलेलं तापमान विमानाच्या स्वतःच्या सेन्सरशी ताडून पाहण्याची सोय फ्लाइट मॅनेजमेंट कॉम्प्युटरच्या नव्या आवृत्तीत होती; या विमानात जुनी होती. विमान ठरल्या दराने वेग घेतंय की नाही, हे दौड चालू असतानाच मोजणारी व्यवस्था मात्र अजूनही बहुतेक विमानांत नाही.