आठव्या वर्षी वळणारी रेघ

दुकानदाराला दरवर्षी कंपनीकडून टार्गेट येतं आणि ते बहुधा एकाच रीतीनं काढलेलं असतं: गेल्या वर्षीचा आकडा घ्या, वर तीस टक्के चढवा. पहिली तीन-चार वर्षं हे जमूनही जातं. घोटाळा तिथंच होतो.

समजा, एका गावात वॉशिंग मशीन नव्यानं आलं. घरं वीस हजार. नळाला पाणी नाही, वीज टिकत नाही, खर्च झेपत नाही अशी घरं वगळली की उरतात दहा हजार. ही बाजाराची क्षमता, म्हणजे आज ना उद्या मशीन घेतील अशी घरं. पण घेतील कधी?

पर्ड्यू विद्यापीठातल्या फ्रँक बास यांनी १९६९ साली याचं समीकरण मांडलं. गिऱ्हाईक येतं ते आपणहून, जाहिरात वगैरे पाहून. नाहीतर शेजाऱ्याचं पाहून. हे दुसरं कारण साथीसारखं पसरतं. अनेक वस्तूंच्या अभ्यासांत पहिल्याचा गुणांक सरासरी ०.०३ आणि दुसऱ्याचा ०.३८ च्या आसपास निघाला. म्हणजे उरलेल्या घरांपैकी ३ टक्के दरसाल आपसूक येतात. त्यात ३८ टक्क्यांना आतापर्यंत मशीन घेतलेल्या घरांच्या हिश्श्यानं गुणून येईल तेवढी भर.

आता आकडे मांडू. पहिल्या वर्षी ३००, मग ४०२, ५२७, ६७३. दुकानदार खूश! पुढे ८२८, ९७२, १०७५, ११०५, आणि नवव्या वर्षी १०४४. तिसऱ्या वर्षापासून तीस-तीस टक्के चढवत गेलेल्यानं आठव्या वर्षासाठी १९५७ मशीनं मागवली असती. त्यातली साडेआठशे गोदामात धूळ खात पडली असती, आणि बोलणी बसली असती ती बिचाऱ्या सेल्समनला. त्याचं काहीच चुकलेलं नसतं. क्षमतेतल्या निम्म्याच्या आसपास घरांत मशीन पोचलं, की लागण व्हायला घरंच कमी उरतात.

बास यांनी हे अकरा टिकाऊ वस्तूंवर तपासलं आणि अमेरिकेतल्या रंगीत टीव्हीबद्दल भाकीत केलं: शिखर १९६८ मध्ये, विक्री सुमारे ६७ लाख. उद्योगाची उमेद मात्र मोठी होती. एक कोटी चाळीस लाख पिक्चर ट्यूब बनवण्याची तयारी झाली होती, असं बास यांनी पुढे लिहिलं. शिखर आलं ते १९६८ च्याच सुमारास.

या समीकरणाची एक खोड आहे. विक्रीचे दोन-तीनच आकडे हाती असताना क्षमतेचा अंदाज भलताच हेलकावतो. तो नीट स्थिरावतो शिखर दिसल्यावर, म्हणजे गरज सरल्यावर! म्हणून जाणकार मंडळी गुणांक आधीच्या तशाच वस्तूवरून उसने घेतात आणि क्षमता मात्र घरं मोजून स्वतः काढतात. शिवाय हे गणित पहिल्या खरेदीपुरतंच. दहाव्या वर्षी जुनं मशीन मोडीत काढून नवं घ्यायला येणारं गिऱ्हाईक यात धरलेलंच नाही. त्याचा हिशोब वेगळा मांडावा लागतो.