लांब दस्तऐवज आणि न्यूरल नेटवर्क: पार्श्वभूमी

दोन दस्तऐवज अर्थाने किती जवळचे आहेत, हे संगणकाला कळायचे तर आधी प्रत्येकाचे आकड्यांत रूपांतर करावे लागते. हा प्रयत्न जुना आहे. मोजक्याच दस्तऐवजांत येणाऱ्या शब्दाला जास्त वजन द्यावे, हा विचार कॅरेन स्पार्क जोन्स यांनी १९७२ मध्ये मांडला. शब्दांच्या अशा मोजणीवर शोधयंत्रे अनेक वर्षे चालली. पण ‘वैद्य’ आणि ‘डॉक्टर’ यांचे नाते मोजणीला दिसत नाही.

२०१४ मध्ये क्वोक ले आणि तोमाश मिकोलोव्ह यांनी प्रत्येक दस्तऐवजाला स्वतःचा व्हेक्टर, म्हणजे आकड्यांची यादी, दिला. त्यातले शब्द ओळखता ओळखता तो व्हेक्टर घडत जाई. कल्पना सुंदर होती, मात्र नवा दस्तऐवज आला की त्याच्यासाठी पुन्हा गणित करत बसावे लागे.

२०१७ मध्ये ट्रान्सफॉर्मर ही न्यूरल नेटवर्कची, म्हणजे उदाहरणांतून शिकणाऱ्या गणिती जाळ्याची, नवी रचना आली. त्यात प्रत्येक शब्द इतर सर्व शब्दांकडे पाहतो, म्हणून मजकूर दुप्पट झाला की हे काम चौपट होते. २०१८ च्या बर्ट या ट्रान्सफॉर्मर मॉडेलची मर्यादा ५१२ टोकनांची, म्हणजे शब्दांची किंवा शब्दांच्या तुकड्यांची. उरलेला मजकूर सरळ कापला जाई. २०२० मध्ये लाँगफॉर्मर आणि बिग बर्ड या मॉडेलांनी बहुतेक शब्दांना शेजारापुरतेच पाहायला लावले, मोजक्यांना सगळीकडे, आणि मर्यादा ४,०९६ पर्यंत नेली.

लांबीच्या या शर्यतीत खरा प्रश्न मागे पडला, असे मला ठामपणे वाटते: ‘जवळचे’ म्हणजे काय, हे मॉडेलला शिकवणार कोण? बर्टसारखी मॉडेल्स ज्यातून शिकतात, त्या गाळलेला शब्द ओळखण्याच्या सरावातून अख्ख्या दस्तऐवजाचा आशय आपोआप हाती येत नाही. २०२० च्याच स्पेक्टर या मॉडेलने यावर नेमका उपाय शोधला. एका शोधनिबंधाने दुसऱ्याचा संदर्भ दिला असेल तर दोघांचे व्हेक्टर जवळ आणायचे, नसेल तर दूर ढकलायचे. संशोधकांनी वर्षानुवर्षे दिलेले संदर्भच इथे शिक्षक झाले. स्पेक्टर फक्त शीर्षक आणि सारांश वाचत असे, तरीही त्याचे व्हेक्टर कामाचे ठरले. लांबीपेक्षा शिकवणीचे मोल मोठे, ते यामुळेच.

लांब दस्तऐवजात विषयही अनेक असतात. एकाच व्हेक्टरमध्ये ते एकमेकांत मिसळून जातात, म्हणून दस्तऐवजाचे तुकडे पाडून प्रत्येकाचा वेगळा व्हेक्टर काढण्याची पद्धत रूढ झाली. पण ‘वरील कलमानुसार’ एका तुकड्यात आणि ते कलम दुसऱ्यात, असे झाले की अर्थ तुटतो. २०२४ मध्ये पुढे आलेले ‘लेट चंकिंग’ हा क्रमच उलटवते: मॉडेल आधी सगळा मजकूर एकत्र वाचते, तुकड्यांचे व्हेक्टर त्यानंतर काढते.